मागाचा खड्डा

कुंदननं एका दमात सही केली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कुंदन माझा धाकटा दीर. नागपूरला औषधांचं ठोक दुकान चालवतो. साध्या कुरियरच्या पावतीवर सही करायची तरी हा माणूस आधी चष्मा पुसतो, कागद उलटून मागची बाजू बघतो आणि मग म्हणतो, उद्या करतो. सासऱ्यांच्या माघारी घराची वाटणी झाली तेव्हा चार महिने कागद त्याच्या बॅगेत पडून होता. आणि आता नगर परिषदेचा चार पानी अर्ज पुढे केला, तर पठ्ठ्यानं मोटारीच्या बॉनेटवर कागद टेकवून उभ्याउभ्या सही ठोकली. वर मलाच घाई.

"वयनी, उद्याच नेऊन दे. तारीख निंगून जाईन."

"वाचून तं पाय, का लिहिलं आहे ते."

"वाचलं मी," तो म्हणाला.

कधी वाचलं? अर्ज कालच माझ्या हातात पडला होता.

अर्ज होता जुन्या घरांच्या सवलतीचा. पवनीत परकोटाच्या आत ऐंशी-शंभर वर्षांची घरं अजून उभी आहेत. लोक ती पाडून सिमेंटचे डबे बांधतात, म्हणून ही नवी योजना निघाली होती. घराची दर्शनी बाजू मूळची असेल, सागवानी खांब जागेवर असतील आणि घराचा पिढीजात धंदा जिथं चालायचा ती जागा शाबूत असेल, तर दहा वर्षं घरपट्टी निम्मी. बदल्यात त्या दहा वर्षांत कोणत्याही मालकाला परवानगीशिवाय एक वीट हलवता येणार नाही. घर विकलं तरी अट घराबरोबर जाणार.

वाचायला गोड. आणि काही गोड दिसलं की मी आधी मुंग्या शोधते. सापडल्याही. आमच्या कोष्टीपुऱ्यात तशी जुनी घरं बारा, पण अर्ज आला तो फक्त आमच्याकडे, आणि त्यावर आमची नावं आधीच छापलेली. खेमराज धकाते, कुंदन धकाते. कोणी दिली ही नावं?

आमचे हे, म्हणजे खेमराज, बाजारात कापडाचं छोटं दुकान चालवतात आणि सगळ्या जगावर विश्वास ठेवतात. "अवं, सरकार पट्टी कमी करून राहिलं तं करू दे न," ते म्हणाले. "तू तं देवालेही पावती मांगशीन."

मागेन. का मागू नये?

माझ्या या शंकेखोरपणाला कारण होतं, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही ह्यांच्याच बाजूचे व्हाल. आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी माग होते. आता चालते दोन-चार उरलेत, त्यातला एक माझा; बाकी घरांत खड्डे तेवढे शाबूत. मी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, शेले विणते. माग खड्ड्याचा आहे; म्हणजे जमिनीत कंबरभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांखाली दाबायच्या पावड्या आणि हातात आडवा धागा फेकायचा धोटा. वैनगंगेच्या काठची जमीन, त्यामुळे खड्ड्यात बारमाही ओल असते आणि त्या ओलीमुळे कोशाचा धागा तुटत नाही. मागच्या खोलीत सिमेंटच्या फरशीवर मी एकदा माग लावून पाहिला होता. दिवसातून वीसदा धागा तुटायचा आणि वीसदा मी रडायची. माग उचलून दुसरीकडे नेता येतो, खड्डा नेता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी या घरात आले. तेव्हापासून माझी म्हणावी अशी ती एवढीच जागा. स्वयंपाकघरात कोणीही येतं, कोणीही डबे उघडतं. खड्ड्यात मी एकटी असते.

आणि ती मागाची खोली कागदावर कुंदनची होती. वाटणीत पुढचा भाग त्याला गेला, मागचा आम्हाला. "वयनी, तू चालव न माग. मी का नागपुरातून विणायले येणार आहो?" असं तो तेव्हा हसून म्हणाला होता. हसत दिलेल्या शब्दाचा सात-बारा निघत नाही.

त्यात हा ताराचंद. ताराचंद जुनी घरं घेतो आणि तिथं दुकानांचे गाळे बांधतो. आमच्या घराचा पुढचा भाग नेमका बाजाराच्या रस्त्यावर. तीन वर्षांपासून तो आमच्या दारावरून जाताना मान वर करून आमचे खांब मोजतो. आणि अर्ज आला त्याच आठवड्यात शेजारची आनंदाबाई मला सांगत आली, "शोभाताई, तुह्या दीर बस स्टँडवर ताराचंदसंग चहा पिऊन राहिला होता. अर्धा घंटा. मी माह्या डोयानं पाह्यलं."

आता तुम्हीच जोडून बघा. नावं आधीच छापलेली. सही उभ्याउभ्या. चहा अर्धा तास.

अर्ज मी नेऊन दिला, कारण ह्यांनी माझ्या पिशवीत घालून दिला होता आणि रोज संध्याकाळी विचारत होते. चौथ्या दिवशी कुंदनचा फोन. "वयनी, बुधवारी पाहणीले मॅडम येऊन राहिल्या. त्याहिले मागाची खोली नीट दाखवजो. माग चालवूनच दाखवजो."

"माग काहून चालवायचा?"

"चालवजो म्हणजे झालं. मी सांगतो म्हणून."

वाटणीनंतरच्या नऊ वर्षांत त्यानं माझ्या मागाची कधी चौकशी केली नव्हती. धागा कुठून येतो, शेला कितीला जातो, काही नाही. आणि आज चालवूनच दाखव. फोन ठेवला आणि मी खड्ड्यात जाऊन बसले. विणलं नाही, नुसतीच बसले. मग मला सगळं उलगडलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. बाई येणार, मोजणार, नकाशा काढणार आणि लिहिणार, की कुंदन धकाते यांच्या हिश्श्यात शोभा धकाते माग चालवतात. सरकारी कागद. तोच घेऊन उद्या कुंदन वकिलाकडे जाणार, वहिनीनं माझ्या खोलीवर कब्जा केला आहे, खाली करून द्या. वीट हलवायची परवानगी ताराचंद काढेलच, त्याला कुठल्या टेबलाशी काय बोलायचं ते कळतं.

माझी मोठी बहीण गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावची. तिच्याकडे आधी दोन हसतमुख माणसं फीत घेऊन आली होती. त्यांनी घर मोजलं, चहा घेतला, भिंतीवर लाल रंगानं आकडा घातला. बहिणीला तो आकडा आवडला होता, टपालाला बरा पडेल म्हणाली. आता ती पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते आणि तिचं न्हाणीघर तीस हात पाण्याखाली आहे. तेव्हापासून फीत घेऊन आलेल्या माणसाला मी चहा देते, पण खोली दाखवत नाही.

आता आमच्या गल्लीचा एक रिवाज सांगावा लागेल. सांगू नये असा आहे. घरपट्टीचा माणूस मोजमापाला येतोय अशी कुणकुण लागली, की आमच्याकडे मागाचा खड्डा झाकतात. घरात चालता माग दिसला तर कारखान्याचा दर लागतो, अशी आजेसासऱ्यांच्या काळापासूनची समजूत. खरी का खोटी, कोणी जाऊन विचारलं नाही. विचारायला गेलं तर विचारायचं कारण काय, तेही सांगावं लागेल. त्यामुळे लग्न होऊन या गल्लीत आलेली प्रत्येक सून पहिल्या वर्षी दोन गोष्टी शिकते: धोट्यासाठी धाग्याची कांडी भरणं आणि खड्डा झाकणं. मागाची लाकडं माळ्यावर जातात. खड्ड्यावर आडव्या फळ्या, त्यावर बारदान, त्यावर मातीचा थर आणि वरून शेणाचं सारवण. त्यावर खाट आणि खाटेवर शक्यतो एखादं म्हातारं माणूस. मोजणारा निघून गेला की सगळं उकरायचं. दोन बायका लागल्या तर दीड तासाचं काम.

बुधवारी सकाळी मी आनंदाबाईला हाक मारली. तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही, फळ्या धरल्या. अर्धा विणलेला शेला मी ताण्यासकट, म्हणजे उभ्या धाग्यांसकट, गुंडाळून पेटीत ठेवला. तो सोडवणं जिवावर आलं होतं, कारण असा मध्येच गुंडाळलेला ताणा पुन्हा सरळ बसेल याची खात्री नसते. तरी केलं. दहा वाजता खोली अशी दिसत होती, की तिथं कधी कोणी विणलंच नसावं. खाटेवर म्हातारं माणूस नव्हतं, म्हणून मी तांदळाची दोन पोती ठेवली.

अकराला बाई आली. बाई कसली, तिशीतली पोर. स्कूटीवर, पाठीला सॅक. रश्मी मेश्राम, मोहाडी तालुक्यातल्या करडीची, जुन्या इमारतींचं शिक्षण घेतलेली. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, हे मी पाहिलं. खांबांवरून हात फिरवला, तेही पाहिलं. तशी मोजणारी माणसं हात फिरवत नाहीत, फीत लावतात. पण बहिणीकडे आलेले दोघंही असेच गोड होते.

"काकू, अर्जात मागाचा उल्लेख आहे," ती म्हणाली. "तो कुठं आहे?"

"होता. आता बंद झाला."

"आणि खड्डा?"

"बुजवला."

तिच्या हातातला पेन थांबला. "कधी?"

"गंज वर्षं झाली. सासरे गेले तवा."

ती खोलीत गेली. खाली बघितलं. "जमीन ओली दिसते."

"तुमी येणार म्हणून सारवली. पाहुण्याले का तशीच दाखवू?"

तिनं दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला फळी बोलली. ती तिथंच उभी राहिली आणि पुन्हा टाच टेकवली. "काकू, खाली पोकळ आहे का?"

"घुशी," मी म्हणाले. "घुशींनी निरा पोखरून टाकलं बाई घर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत राहिले. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर नजर न हलवता शेल्याची किंमत सांगत आले आहे, ती पोर माझ्यापुढे काय टिकणार. शेवटी तिनंच मान खाली घातली आणि लिहिलं.

"मला वाईट वाटतं, काकू," दारात चपला घालताना ती म्हणाली. "खांब छान आहेत, दर्शनी भाग तर आहे तसा आहे. पण धंद्याची जागा शाबूत हवी, तीच मुख्य अट आहे. तुम्ही पुन्हा एकदा विचार करून सांगता का? म्हणजे नक्की बुजवलाच आहे ना?"

"नक्की."

ती गेल्यावर मी आनंदाबाईला चहा दिला आणि आम्ही दोघी पोटभर हसलो. खड्डा मात्र मी उकरला नाही. म्हटलं, बाई पुन्हा आली तर? अठरा दिवस मी विणलं नाही. संध्याकाळी त्या खाटेवर बसून तांदूळ निवडायची.

यादी लागली. पवनीतली सात घरं होती, आमचं नव्हतं. त्याच रविवारी कुंदन आला. दारातून पाणीसुद्धा न पिता सरळ मागाच्या खोलीत. खाट, पोती, सारवलेली जमीन बघून त्याचा चेहरा उतरला.

"वयनी, खड्डा कोठी गेला?"

त्यानं पायानं जमीन ठोकली. आवाज ऐकला. आणि एकदम हसायला लागला. या गल्लीत वाढलेला माणूस तो, त्याला त्या आवाजाचा अर्थ कळायला किती वेळ लागणार.

"अरे बाप्पा! तू मॅडमले घरपट्टीवाली समजली? वयनी, तुही जुनी खोड काही जात नाही."

"हो न रे," मी म्हणाले. "हातच चालले. सवय."

हे मी का म्हणाले? कारण ते सोपं होतं. तो हसत होता, मीही हसले.

मग तो पोत्यांवर टेकला आणि त्यानं सांगितलं. त्यानंच दोन महिन्यांपूर्वी नगर परिषदेत जाऊन आमच्या घराचं नाव दिलं होतं. पुढचा भाग विकत दे म्हणून ताराचंद त्याच्या मागे हात धुऊन लागला होता. कीर्तीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते पटलं होतं. तिला नागपुरात फ्लॅट हवा. घरात रोज तोच विषय.

"मले नाही म्हणता येत नाही, वयनी. तुले माहीत आहे माह्या स्वभाव. ताराचंदले नाही म्हणता येत नाही, कीर्तीले तं बिलकूलच नाही. म्हटलं, कागदानंच हात बांधून टाकले तं मी मोकळा. सांगता येईन, अट आहे सरकारची, मी का करू? अन् तुह्या माग राहीन."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं तं दादाले समजन. दादाच्या पोटात पाणी तं राहत नाही. तो कीर्तीले फोनवर सांगून मोकळा."

"अन् ताराचंदसंग चहा?"

त्यानं चमकून पाहिलं, पण उत्तर दिलं. "त्याले थांबवून राहिलो होतो. म्हटलं, यादी लागू दे. नाव नाही आलं तं तुले जागा देतो. आता तो उद्यापासून माह्या दुकानात येऊन बसन." तो पोत्यांवरून उठला. "पंधरा दिवसांत हरकत घेता येते. सुनावणी होते. घे वयनी हरकत. नाही तं मले ताराचंदच्या कागदावर सही द्या लागन."

एवढं ऐकून कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या नाही आलं. दुसऱ्या दिवशी मी नगर परिषदेत गेले आणि त्या रश्मीला विचारलं, आमचं नाव कोणी दिलं? हो, मी खात्री करायला गेले होते. तिनं फाइल काढून एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. कुंदनचं अक्षर. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. मागाशी बसलेली मी, पाठमोरी, असा एक फोटो जोडलेला. कधी काढला होता कोण जाणे. खाली लिहिलं होतं, या घरात माझी वहिनी आजही माग चालवते, तो चालू राहावा ही विनंती.

मी ते दोनदा वाचलं. मग मला इतकी लाज वाटली, की त्या पोरीकडे बघवेना. अकरा वर्षांचा होता तो, मी लग्न होऊन आले तेव्हा. माझ्या हातचं जेवून मोठा झाला.

"हरकतीत कारण लिहावं लागेल, काकू," रश्मी म्हणाली. "त्या दिवशी मी दोनदा विचारलं होतं. मी तुमचे शब्द तसेच लिहिलेत."

मी नुसतंच लिहिलं, की खड्डा शाबूत आहे, पुन्हा पाहणी व्हावी. सुनावणीची तारीख मिळाली.

बातमी गल्लीत पसरायला एक दिवस पुरला. केशवराव आले. केशवराव गल्लीतले सगळ्यांत ज्येष्ठ, कोणाच्या घरी अडलं तर मध्ये पडणारे. त्यांच्या घरात दोन खड्डे आहेत. बरोबर आनंदाबाई, जिनं माझ्या फळ्या धरल्या होत्या, आणि आता ती माझ्याकडे अशी बघत होती जशी मी त्या रश्मीकडे बघितलं होतं.

"शोभाबाई, सुनावणीत का सांगशीन?" केशवरावांनी विचारलं.

"खड्डा झाकला होता म्हणून सांगन."

"काहून झाकला, हे इचारतीन. घरपट्टीसाठी झाकला म्हणशीन तं उद्या बारा घरांच्या जमिनी ठोकून पाहतीन. पन्नास वर्षांची थकबाकी काढतीन. तुह्या एका खोलीपायी गल्ली बुडवतेस का?"

"मी गल्लीचं नाव घेणार नाही, काकाजी."

"नाही घेणार, हे आमी कोणत्या भरोशावर समजावं?"

मला राग आला, आणि रागावताना कळलं की हा प्रश्न मीच जन्मभर सगळ्यांना विचारत आले आहे. ते म्हणाले, आम्हीही सुनावणीला येऊ. तुले आधार म्हणून.

सुनावणीला खोलीत माझ्याखेरीज नऊ माणसं होती. टेबलामागे अधिकारी, शेजारी लिहून घेणारा बाबू, एका बाजूला रश्मी. मागच्या बाकावर केशवराव, आनंदाबाई आणि गल्लीतले आणखी दोघं. आमचे हे माझ्या शेजारी. सहमालक म्हणून कुंदन खिडकीजवळ, नवा शर्ट घालून. येताना तो माझ्या कानात म्हणाला होता, "वयनी, काही टेन्शन नाही. हासून सांगून टाक, जुनी खोड म्हणून." घरी मी त्याच्यासाठी लाखोळीच्या डाळीची वडी करून ठेवली होती, त्याला आवडते म्हणून.

अधिकाऱ्यांनी फाइल वाचली. "पाहणीच्या दिवशी तुम्ही सांगितलंत, खड्डा बुजवला. आता म्हणता, आहे. कोणतं खरं?"

"आहे साहेब."

"मग खोटं का सांगितलं?"

"भीतीपायी."

"कशाची भीती? नुसतं भीती लिहून चालत नाही, ताई. कारण सबळ असेल तरच आम्हाला नोंद बदलता येते. घरपट्टी वाढेल म्हणून लपवलं का?"

त्यांनी ते सहज विचारलं. माझ्या मागे बाक करकरला. मी वळून पाहिलं नाही. हो म्हटलं असतं तर सगळं जुळत होतं; कुंदन तेच समजून बसला होता, साहेबांनी तर उत्तरच हातात दिलं होतं. फक्त मागे बसलेल्यांची बारा घरं गेली असती. आणि दुसरं खरं कारण मला ठाऊक होतं. तेच पहिलं होतं. घरपट्टी त्या सकाळी माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

"नाही साहेब, पट्टीसाठी नाही."

"मग?"

"माह्या देरावर माह्या भरोसा नव्हता."

ह्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला, कारण धरून ठेवला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

"खोली त्याच्या हिश्श्यात आहे. मले वाटलं, यानंच ताराचंदशी मिळून ह्या बाईले पाठवलं. नोंद झाली का तो कागद दाखवून मले खोलीतून काढन. त्याच्यापासून लपवला मी खड्डा. बाकी कोणापासून नाही."

लिहून घेणारा बाबू लिहिताना पुटपुटत होता. "दिरावर... विश्वास... नसल्यामुळे... मुद्दाम झाकून ठेवला. बरोबर?"

"बरोबर."

अधिकारी खिडकीकडे वळले. "कुंदनराव, तुम्ही सहमालक. तुम्हाला हे मान्य आहे का? नसेल तर सांगा, वेगळी चौकशी लावू."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं चष्मा काढला, नव्या शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"बाई सांगतात ते खरं असन," तो म्हणाला. "लिहा."

पुन्हा पाहणीचा हुकूम झाला. रश्मीनं सोमवार दिला. मागच्या बाकावरची मंडळी उठली; केशवरावांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आनंदाबाई रडली. खोली वाचली होती, गल्ली वाचली होती. आमचे हे आत कागदाची नक्कल घ्यायला थांबले.

मी बाहेर आले तेव्हा कुंदन मोटारीजवळ उभा होता, गल्लीतली मंडळी अजून फाटकाशी होती.

"जेवून जा रे," मी म्हणाले. "वडी केली आहे."

"नाही वयनी. दुकान आहे."

तो दार उघडून आत बसला, मग पुन्हा उतरला. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक सोडवू लागला. कडी घट्ट होती, त्याचं नख तुटलं. मागाच्या खोलीच्या रस्त्याकडच्या दाराची किल्ली. वाटणीपासून नऊ वर्षं ती त्याच्याजवळ होती. त्याला वाटलं असतं तर कोणत्याही दिवशी ताराचंदला घेऊन आत येता आलं असतं.

"हे तुह्याजवळ ठेव," तो म्हणाला. "पुढं आलो तं कडी वाजवून येईन."

मी ती परत त्याच्या खिशात घालायला हवी होती. त्याचा हात धरून, त्या सगळ्या लोकांसमोर. मला ते कळत होतं, अगदी त्या क्षणीही.

मी किल्ली घेतली.